दशरथची चार पावलं

“मावशी, तिथं नका बसू. पलीकडं तुमचं नुसतं कपाळ दिसतंय. जरा पुढं सरका.”

भामाबाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. कोर्टाची खुर्ची, आपण पूर्ण बसलो तर कुणी तरी ओरडेल, अशी तिला धास्ती. शेवटी मीच खुर्ची पुढं ढकलली आणि दार लोटून घेतलं. दहा पस्तीस झाले होते. न्यायाधीशसाहेब अकराच्या ठोक्याला चेंबरमधून बाहेर यायचे. त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं माझी असायची. त्या वेळात मी तुरुंगाशी लाईन जोडून आवाज आणि चित्र नीट येतंय का ते तपासायचो.

पडद्यावर आधी नुसता निळा रंग आला, मग तिकडच्या, तुरुंगातल्या गुंजाळ हवालदाराचा हात, मग एक रिकामी खुर्ची. खुर्चीत दशरथ येऊन बसला.

“आये,” तो म्हणाला.

भामाबाईनं घाईघाईनं पदर डोक्यावर घेतला. “जेवलास का रं?”

“आत्ता कुठलं जेवण? च्या झाला.”

“दोनच मिनिटं हं,” मी म्हणालो. “आणि बाहेर जाऊन कुणाला सांगायचं नाही. माझी नोकरी जाईल.”

“न्हाई सांगत, साहेब. गळ्याशपथ.”

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा जिल्हा न्यायालयात कंत्राटी तांत्रिक सहायक होतो. संगणक, कॅमेरे, तारा, सगळं माझ्याकडं. तीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. कोर्टातली निम्मी माणसं संगणकाला हात लावताना देवाचं नाव घ्यायची. त्यामुळं ढवणसाहेब, ढवणसाहेब करत सगळे माझ्या मागं. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

आमच्या जिल्ह्याचे कच्चे कैदी ठेवायचे सव्वाशे किलोमीटरवरच्या तुरुंगात. तारखेला त्यांना पोलिसांच्या गाडीतून आणायचं, तर कधी गाडी नाही, कधी शिपाई नाहीत. मग आरोपी हजर नाही म्हणून पुढची तारीख, आणि त्या तारखेला पुन्हा तेच. माणसं वर्षानुवर्षं सडायची. म्हणून पडदे आले. तुरुंगात एक कॅमेरा, कोर्टात एक. आरोपी तिथंच खुर्चीवर बसायचा, साहेब इथून त्याच्याशी बोलायचे. तारीख चुकायची नाही. मी जीव ओतून ते काम केलं, हे खोटं नाही. पहिल्या सहा महिन्यांत आमच्या कोर्टाच्या जेवढ्या तारखा पार पडल्या, तेवढ्या त्याआधी दोन वर्षांत झाल्या नव्हत्या. वरून कौतुकाचं पत्र आलं. मी ते लॅमिनेट करून घेतलं.

शिवाय महिन्यातून दोनदा आम्ही गावोगाव जाऊन कायद्याची माहिती द्यायचो. एक वकीलबाई, एक पट्टेवाला, आणि लॅपटॉप-प्रोजेक्टर घेऊन मी. देवळाच्या भिंतीवर पांढरी चादर बांधायची आणि चित्रं दाखवायची: अटक झाली तर तुमचे हक्क काय, सरकारी खर्चानं वकील कसा मिळतो, तुरुंगात त्रास असेल तर न्यायाधीशांना थेट कसं सांगायचं. भामाबाई मला पहिल्यांदा भेटली ती अशाच एका गावात. मी पडद्याची थोरवी गात होतो. आता आरोपीला बेड्या घालून गावभर मिरवत आणायला नको, सगळं बसल्या जागी होतं, असं मी सांगत होतो. बायकांच्या घोळक्यातून एक उंच, वाळकी बाई उठली.

“मग आमी बघायचं कुठं?” तिनं विचारलं.

“काय बघायचं, मावशी?”

“पोराला. तारखेला आणत हुते तवा बघाया तरी मिळत हुता.”

“मावशी, कोर्ट म्हणजे काय जत्रा आहे का, बघायला यायला?” मी म्हणालो. सगळे हसले. ती खाली बसली. मलाही माझा विनोद आवडला होता.

पुढच्या तारखेला ती कोर्टात हजर. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. तेव्हा आमच्या म्हाताऱ्या शिरस्तेदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ढवण, तारखेचा दिवस नुसता तारखेचा नसतो रे. कैदी गाडीतून उतरला की या व्हरांड्यात आया बसलेल्या असतात. शिपाई जरा तोंड फिरवतात. आई चार घास भरवते, अंगावरून हात फिरवते. हे कुठल्या कायद्यात नाही, पण माझ्या नोकरीत एकदाही कुणी अडवलेलं मी पाहिलं नाही. तुझ्या पडद्यानं ते गेलं.”

त्या दिवशी दशरथ शेंडगेचा पुकारा झाला. भामाबाई सगळ्यांत मागच्या बाकावर होती. पडद्याचं तोंड साहेबांकडं, तिच्याकडं पाठ. सव्वा मिनिटात पुढची तारीख पडली. ती माझ्याकडं आली.

“साहेब, माझा दशरथ कवा येनार?”

“येऊन गेला की, मावशी. आत्ताच.”

“म्या हितंच हुते,” ती म्हणाली. ती भाकरी तिनं व्हरांड्यात एकटीनं बसून खाल्ली.

मला चुटपूट लागली. मी काही दगड नव्हतो. चौकशी केली. दशरथ तिचा एकुलता एक, चोवीस वर्षांचा. चराईवरून मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, काठी दशरथची निघाली. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. नवरा आधीच वारलेला. तुरुंगात भेटायला म्हणून ती एकदा गेली होती, तीन गाड्या बदलून. पोचली तेव्हा भेटीची वेळ संपली होती. मेंढरं कुणाच्या जिवावर टाकून पुन्हा जाणार?

म्हणून मी ती वाट काढली. लाईन तपासायच्या वेळात तिला आत घ्यायचं, दोन मिनिटं माय-लेकांना बोलू द्यायचं. गुंजाळ हवालदारालाही सांगून ठेवलं. तो म्हणाला, “चालतंय की, ढवणसाहेब. आपलं काय जातंय?” नियमात ते कुठंच बसत नव्हतं, पण मला फार थोर काम केल्यासारखं वाटायचं. घरी बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, “पुण्य लागेल तुम्हाला.”

दर पंधरा दिवसांनी ती यायची. मला मेंढीच्या दुधाचा खरवस आणायची. नको म्हटलं तर रुसायची. पडद्यासमोर तिचं बोलणं ठरलेलं. मेंढरांची नावं घेऊन एकेकीची खबर सांगायची. दशरथ हसायचा. “आये, चांदीला कोकरू झालं का गं?” असं विचारायचा. गुंजाळही पलीकडून ऐकत राहायचा.

पाचव्या की सहाव्या वेळची गोष्ट. दशरथ येऊन बसला, पण भामाबाईनं मेंढरांची खबर काढलीच नाही. पडद्याकडं नुसती बघत राहिली.

“काय गं?” दशरथ म्हणाला.

“तुला काय झालंय?”

“कुठं काय?”

“डोळं बघ कसं झाल्यात. ताप हाय का?”

“न्हाई गं. झोप न्हाई झाली.”

“उठ. उभा ऱ्हा.”

दशरथनं बाजूला बघितलं. तिकडं गुंजाळ असणार. “कशाला?” तो म्हणाला.

“उभा ऱ्हा आन् चार पावलं चालून दाव.”

मला हसू आलं. “मावशी, चालून कशाला दाखवायचं?”

ती माझ्याकडं वळली. आजवर माझ्याशी कधी इतकं बोलली नव्हती. “साहेब, मेंढराचं दुखनं तोंडावर कळत न्हाई. तोंड ते तसंच ठेवतंय. दुखनं बघायचं तर त्याला चालवावं लागतं. चालीत कळतं. तुमी त्याला जरा चालाया लावा, नायतर त्यो डबा खाली तरी करा. मला त्याचं पाय दावा.”

“कॅमेरा फिक्स आहे, मावशी. एवढंच दिसतं. गळ्यापासून वर.”

“वाईच खाली—”

“होत नाही म्हटलं ना.”

घड्याळात दहा पंचावन्न झाले होते. ती पडद्याला अगदी नाक लागेल इतकी पुढं झुकली. “दशरथ, काय असलं तर त्या न्यायाधीशसाहेबाला सांग. ह्या साहेबांनी आमच्या गावात सांगितलंय, सांगायचा हक हाय म्हनून. भिऊ नगं. सांगशील न्हवं?”

“सांगतो, आये.”

“चला, झाली वेळ,” मी म्हणालो.

अकराला पुकारा झाला. साहेबांनी नेहमीचं विचारलं, “काही तक्रार?” दशरथचे डोळे पुन्हा बाजूला गेले. “न्हाई, साहेब,” तो म्हणाला. एक्केचाळीस सेकंदांत काम संपलं. मला आकडा आठवतो, कारण तेव्हा मी प्रत्येक तारखेचे सेकंद मोजायचो.

भामाबाई जाताना पुन्हा माझ्या टेबलाशी आली. “साहेब, तुमी तिकडं फोन करून विचारा की, त्याचा पाय बघा म्हनून. तुमचं ऐकतील.”

“करतो,” मी म्हणालो. त्या दुपारी प्रिंटर बिघडला. दुसऱ्या दिवशी वरून पाहणी होती. फोन राहून गेला. मुद्दाम नव्हे, राहून गेला. पण राहून गेलेल्याला आणि मुद्दाम टाळलेल्याला पलीकडं काही फरक पडत नाही.

पुढच्या तारखेला ती लवकर आली होती. सकाळची एस.टी. चुकेल म्हणून आदल्या दिवशीच निघून नातेवाइकांकडं मुक्काम केला होता. दहा चाळीसला मी लाईन जोडली. ती खुर्चीत बसली. पडद्यावर निळा रंग, मग ती खुर्ची. खुर्चीत कुणी आलं नाही. थोड्या वेळानं गुंजाळचा चेहरा आला. त्याला वाटलं मी एकटाच आहे.

“ढवणसाहेब, तुमच्या यादीतला तीन नंबर काढा,” तो म्हणाला. “शेंडगे. परवा पहाटे सिव्हिलमध्ये मयत झाला. पाय सडला होता, विष अंगात भिनलं. घरच्यांना निरोप गेलाय ठाण्यातून.”

निरोप गेला होता तिच्या वस्तीवर, आणि ती होती माझ्यासमोर.

मी पडदा बंद करायला हात पुढं केला, पण तिनं ऐकलं होतं. ती ओरडली नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही. मग तिनं माझ्या शर्टाची बाही धरली आणि मला विचारलं, “साहेब, कुनाचा पाय म्हनतोय त्यो?”

मी काय बोललो ते मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. शिरस्तेदार धावत आले, पट्टेवाल्यानं पाणी आणलं. तिला घेऊन गाडी सिव्हिलकडं गेली. अकरा वाजता साहेब बसले आणि मी यादीतला तीन नंबर काढला.

आता एक सांगतो, जे मी बायकोलाही सांगितलं नाही. तो कॅमेरा फिक्स नव्हता. दोन्हीकडचे कॅमेरे माझ्या हातातल्या रिमोटनं फिरायचे. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. तुरुंगातलासुद्धा. मी तो गळ्यापासून वर लावून ठेवला होता, कारण साहेबांना चेहरे स्वच्छ दिसले पाहिजेत. खाली करायला तीन सेकंद लागले असते. पण मग चौकट पुन्हा बसवायला पाच-सात मिनिटं गेली असती आणि साहेब अकराला बसतात. माझ्या पडद्याला कधी उशीर झाला नव्हता. म्हणून मी त्या बाईला खोटं सांगितलं.

कोठडीतला मृत्यू, म्हणून न्यायालयीन चौकशी लागली. चौकशीला दुसऱ्या तालुक्यातल्या न्यायाधीश मॅडम नेमल्या. पाणी भरायच्या जागी पडलेल्या पत्र्यानं दशरथचा तळपाय कापला होता. तीन आठवडे तो लंगडत होता, असं बराकीतल्या एकानं सांगितलं. तुरुंगाचं म्हणणं, त्यानं कधी सांगितलंच नाही. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हाही ‘तक्रार नाही’ म्हणाला, तसं लेखी आहे. म्हणजे सगळी चौकशी येऊन थांबली ती एका प्रश्नावर: कुणी आधी सावध केलं होतं का? केलं असेल, तर दुर्लक्ष झालं. नसेल, तर दोष कुणाचाच नाही.

भामाबाईचा जबाब होता त्या दिवशी कोर्टात मीच होतो, रेकॉर्डिंगला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. मनाशी एक ठरवून आलो होतो: ती सांगणारच. तिनं सांगितलं की मी उठायचं आणि म्हणायचं, होय, ही बाई खरं बोलते, तिनं माझ्यासमोर पाय दाखवायला सांगितलं होतं, गुंजाळ ऐकत होता. मग माझं जे व्हायचं ते होवो. घरी मुलगी दीड वर्षाची होती. तरी ठरवलं होतं. फक्त पहिला शब्द तिनं बोलायचा.

मॅडम फार मायेनं विचारत होत्या. “भामाबाई, घाबरू नका. मुलगा तुरुंगात गेल्यावर तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलं?”

भामाबाई पिंजऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. अगदी थोडा वेळ.

“सुरवातीला कोरटात आनला हुता तवा. हितं व्हरांड्यात,” ती म्हणाली. “भाकर खाल्ली त्यानं.”

“त्यानंतर? पडद्यावर पाहिलं का कधी?”

“न्हाई, मॅडम.”

“नीट आठवा. त्याच्या तब्येतीबद्दल तुम्हाला काही समजलं होतं? कुणाला तुम्ही काही बोलला होता?”

“आमाला कोन दावतंय, मॅडम? म्या त्याला बघितलाच न्हाई. कुनाला काय बोलनार?”

मॅडमनी दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा तेच बोलली. आणि मी? मी मूग गिळून बसलो. हातात हेडफोन, पुढ्यात लाल दिवा, तिचा प्रत्येक शब्द स्वच्छ टिपला जातोय की नाही ते बघत. उठायला कुणी अडवलं नव्हतं. तिनं नाही म्हटलं म्हणून मी होय म्हणू नये, असा कायदा कुठंच नाही. कायदा तर मी देवळाच्या भिंतीवर चित्रं लावून शिकवत होतो.

महिन्याभरानं अहवाल आला. कोणीही आधी तक्रार केल्याचं दिसून येत नाही, सबब कोणावरही ठपका ठेवता येत नाही.

पण ते नंतर. त्या दिवशी जबाबावर अंगठा देऊन ती बाहेर पडली, तेव्हा मी तिच्या मागं धावलो. जिन्याशी गाठलं.

“मावशी, असं का केलंत? खरं का नाही सांगितलं?”

ती थांबली. खरंच नवल वाटल्यासारखी माझ्याकडं बघायला लागली.

“तुमची नोकरी गेली असती न्हवं?”

“जाऊ द्यायची होती! दशरथला न्याय—”

“त्यो काय आता येतोय व्हय?” तिचा आवाज फाटला. पदर तोंडाशी धरून ती जिन्याच्या कठड्याला टेकली. लोक वळून बघायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, ते मला कळेना. ठेवला नाही.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. “तिकडं लई पोरं हायत, साहेब,” ती म्हणाली. “त्यांच्या आया हितं येऊन मागच्या बाकड्यावर बसत्यात. म्या बघितल्यात. पाठमोरी काच बघून परत जात्यात. म्या सांगितलं असतं तर तुमाला काढलं असतं. मग त्यांना कोन दावल? दुसरा मानूस तुमच्यावानी मायाळू थोडाच असतोय.”

ज्या दिवशी गुंजाळनं तीन नंबर काढायला सांगितला, त्याच दिवसापासून मी कुणालाही आत घेणं बंद केलं होतं. भीतीनं. जबाबाच्या दिवशी सकाळीच करजगावचा एक म्हातारा हात जोडून दारात उभा होता, नातवाला एकदा बघू द्या म्हणत होता. मी त्याला नियम सांगून परत पाठवलं होतं. तो अजून खाली चिंचेखाली बसला होता, जिन्यावरून मला दिसत होता.

“दावता न्हवं त्यांना?” भामाबाईनं विचारलं.

“दाखवतो, मावशी,” मी म्हणालो.